इनचार्ज सिस्टर

नाशिक, पंचवटी
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय अफरीन,

मेसेज केला की तू 'ओके ताई' एवढंच लिहितेस, म्हणून आज कागद-पेन घेऊन बसले. हे पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील, लागू देत.

माझं झालं बघ! जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. क्लासमध्ये सगळ्या पोरी तेवीस-चोवीसच्या, मला मावशी म्हणायच्या. तोंडी परीक्षेत विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. मी सुरगाण्याकडचा आमचा पाडा, नागलीची शेतं, दिवाळी झाली की आई-बापाबरोबर निफाडला द्राक्षाच्या बागेत कामाला जाणं, सगळं जर्मनमध्ये सांगून टाकलं. क्रियापदं चुकलीच असतील. पण परीक्षा घेणारी बाई घड्याळाकडे बघायची विसरली.

खरी बातमी पुढेच आहे. काल एजन्सीकडून नेमणुकीचा कागद आला. हॉस्पिटलचं नाव वाचलं आणि मी घरातच ओरडले. तुझंच हॉस्पिटल! हिरामण घाबरून आतून धावत आले. मी म्हटलं, अहो, आपली अफरीन आहे तिथे. ते लगेच म्हणाले, मग काळजी मिटली.

तू २०१६ला आमच्या आयसीयूत आलीस तेव्हा सलाईन लावताना तुला शीर सापडायची नाही, आठवतं? तीन वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि उडून गेलीस. आता तू तिथे नव्या नर्सना शिकवणारी, आणि मी शिकाऊ म्हणून तुझ्याकडे येणार. मला याची जराही लाज नाही, उलट अभिमान वाटतो. पहिले काही महिने सहायक म्हणून काम, मग मान्यतेची परीक्षा, मग नर्स. एवढंच ना? बाकी काय ते तू सांग. जाड स्वेटर इथून आणू की तिथे घेऊ?

तुझी,
ललिताताई


जर्मनी
५ मार्च २०२४

ललिताताई,

सलाम. तुमचं पत्र आलं. खूप खूप अभिनंदन. स्वेटर इथेच घ्या, नाशिकचा इथे काही उपयोगाचा नाही.

ताई, एक सुचवू का? आमचं हॉस्पिटल छोटं आहे, गावही छोटं. एजन्सीला सांगून मोठ्या शहरातलं एखादं मागून घेतलंत तर तिथे आपली माणसं जास्त भेटतील, बोलायला सोबत होईल. अजून बदलता येईल. मी चौकशी करू?

कामाचंही आधी सांगते, नंतर धक्का नको. इथे नातेवाईक पेशंटजवळ नसतात. अंघोळ, डायपर, ब्रेडला लोणी लावून भरवणं, सगळं नर्सनेच करायचं. मान्यता मिळेपर्यंत तर फक्त तेवढंच. सुईला हात लावायचा नाही. तुम्ही अकरा वर्षं इनचार्ज होतात, तुम्हाला ते जड जाईल असं मला वाटतं.

आणि आलातच इथे, तर एक लक्षात ठेवा. मी प्रशिक्षक आहे. ओळखीच्या माणसाला मी शिकवलं तर इथे पक्षपात धरतात. म्हणून आपण एकमेकींना आधीपासून ओळखतो हे कुणालाच सांगू नका. वॉर्डात आपण जर्मनमध्येच बोलू. तुम्ही मला 'शेख बाई' म्हणा. विचित्र वाटेल, पण इथली शिस्त तशी आहे.

अब्बांची तब्येत बरी आहे. देवळालीच्या दुकानात अजून मशीनवर बसतात, फौजी लोकांचे गणवेश शिवतात. सगळ्या गिऱ्हाइकांना माझं कौतुक ऐकवतात.

तुमची,
अफरीन


नाशिक
२६ मार्च २०२४

प्रिय अफरीन,

किती गं काळजी करतेस माझी. मला मोठं शहर नको. तू आहेस तेवढी सोबत मला बास.

अंघोळी घालायला जड का जाईल? मी इनचार्ज होण्याआधीही नर्सच होते ना. आपल्याकडे हे काम मावशीबाईंवर ढकलतात ही आपली खोड आहे. माझ्या आजीचं शेवटचं वर्षभर मीच सगळं केलंय.

ओळख न दाखवण्याचं कळलं. शिस्त म्हणजे शिस्त. मी शब्द देते, कुणी कितीही विचारलं तरी तुला ओळखत नाही म्हणेन. वॉर्डात 'शेख बाई' आणि बाहेर आलो की तुझा कान धरीन.

राजीनामा मंजूर झाला. सतरा वर्षांच्या नोकरीचा निरोप समारंभ अर्ध्या तासात उरकला. पाड्यावर मात्र मांडव घातला होता. माझा फोटो लावलेला बॅनर, त्यावर 'जर्मनीला जाणारी पहिली आदिवासी परिचारिका'. खरंखोटं कुणाला माहीत, पण आई त्या बॅनरखालून हलेना. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचते.

ललिताताई


जर्मनी, कर्मचारी वसतिगृह
२० ऑक्टोबर २०२४

अफरीन,

हे पत्र तुझ्या लॉकरच्या फटीतून आत टाकतेय. साडेचार महिने झाले, एका इमारतीत काम करतो आणि एकदाही पाच मिनिटं निवांत बोललो नाही. तू मला दुसऱ्या मजल्यावर टाकायला लावलंस असं कुणीतरी म्हणालं, पण पक्षपात नको म्हणून केलं असशील. माझी तक्रार नाही. आज मात्र तुझ्याकडे काम आहे.

मंगळवारी सकाळी केलर आजोबांच्या खोलीत जे झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा ऐक. वय एक्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, साखरेचे पेशंट. मी नाश्ता भरवायला गेले तर घामाने उशी भिजलेली आणि तोंडाने असंबद्ध बडबड. ताटाला हात लावलेला नव्हता आणि इन्सुलिन तर देऊन झालं होतं. मी ड्युटीवरच्या नर्सला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, त्यांना विस्मरणाचा आजार आहे, रोजच असे बोलतात, तू चार नंबरची खोली कर. मी परत जाऊन बघितलं, परत तिला सांगितलं. ती चिडली. मग मीच साखर तपासली. चौतीस. तोवर त्यांचे डोळे मिटायला लागले होते. मी त्यांना कुशीवर वळवलं, नाश्त्याच्या ताटातला मध बोटाने गालाच्या आत थोडा थोडा चोळला आणि इमर्जन्सीची घंटा दाबली. डॉक्टरांनी येऊन ग्लुकोज दिलं. संध्याकाळी आजोबा माझ्याकडे बघून हसत होते.

आता माझ्यावर तक्रार आहे. सहायकाने नर्सचं ऐकलं नाही, हद्द ओलांडली, गुंगीतल्या पेशंटच्या तोंडात पदार्थ घातला. तक्रारीत एवढंच आहे. मी आधी दोनदा सांगितलं होतं हे त्यात कुठेच नाही. २९ तारखेला मेट्रन होल्म यांच्यापुढे बैठक आहे.

अफरीन, दुसऱ्यांदा मी नर्सला सांगत होते तेव्हा तू दारात उभी होतीस. फाइल छातीशी धरून. तू सगळं ऐकलंस. माझी ओळख सांगू नकोस, माझी बाजूही घेऊ नकोस. तुझ्या कानांनी जे ऐकलं तेवढंच बैठकीत सांग. माझी जर्मन अशा वेळी घशात अडकते. तुझी अडकत नाही.

ललिता


२३ ऑक्टोबर २०२४

ताई,

बैठकीबद्दल आधी बोलायची परवानगी नाही. मला जेवढं करता येईल तेवढं करीन. कृपा करून लॉकरमध्ये पत्र टाकू नका, कुणी पाहिलं तर दोघींना त्रास होईल.

अ.


नाशिक
९ जानेवारी २०२५

प्रिय अफरीन,

निघताना तुला भेटता आलं नाही. तू रजेवर आहेस म्हणाले.

मला काढलं ते तुला कळलंच असेल. सहा महिने पूर्ण व्हायच्या आत कारण न देता काढता येतं म्हणे. तरी मी मेट्रनना विचारलं. त्या बऱ्या बाई आहेत, माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्या कागदपत्रांत मेळ बसत नाही. मला वाटलं मधाबद्दल बोलतील. कागदपत्रांचं काय? मी म्हटलं, नाशिकच्या हॉस्पिटलला आत्ता फोन लावा. तर म्हणाल्या, त्याची आता गरज नाही. एजन्सीने दुसऱ्या दोन हॉस्पिटलांत नाव दिलं, पण त्यांनी आधीचा शेरा मागवला आणि गप्प बसले. नोकरी नाही म्हणून व्हिसा नाही. डिसेंबरात परत आले.

माझं सतरा वर्षांचं प्रमाणपत्र खोटं कसं ठरलं, हे मला काही केल्या कळत नाही. तू तिथेच आहेस. शक्य झालं तर शोधून काढ ना, कुणी काय सांगितलं.

तुला दिलेला शब्द मात्र मी पाळला बरं का, तू समोर बसून ऐकलंसच. बैठकीत मला विचारलं, शेख बाईंना तुम्ही नाशिकपासून ओळखता का? मी सरळ म्हटलं, नाही. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. जीभ जराही अडखळली नाही.

इथलं काय सांगू. माझ्या जागेवर दुसरी इनचार्ज आली, आणि तिच्या हाताखाली काम मागायला माझे पाय वळेनात. निफाडला एका छोट्या दवाखान्यात लागले आहे, रोज एसटीने जाते. ज्या रस्त्याने लहानपणी बागेत कामाला जायचे तोच रस्ता. हिरामणनी त्यांच्या एसटी डेपोत पेढे वाटले होते, आता लोक त्यांना विचारतात, वहिनी परत कधी जाणार? ते म्हणतात, कागद चाललेत. पाड्यावर मी सुट्टीवर आले असं सांगितलंय. आई म्हणाली, "एवढी सुट्टी देतात का गं तिकडं?" मी हो म्हटलं. बॅनर तिने घडी करून पेटीत ठेवलाय. त्या पेटीकडे मला बघवत नाही.

उत्तर लिही.

ललिताताई


जर्मनी
२७ एप्रिल २०२५

ताई,

तुमच्या पत्राला साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. पाच वेळा लिहायला बसले. आज लिहू शकतेय, कारण करायचं ते सकाळी करून आले आहे. आता मागे फिरता येणार नाही.

तुम्ही विचारलंत, कुणी काय सांगितलं. मी सांगितलं. तुमचं प्रमाणपत्र मी खोटं ठरवलं.

पहिल्यापासून सांगते. २०१९ला मी अर्ज केला तेव्हा बायोडेटात लिहिलं की मी आयसीयूची इनचार्ज होते. एजन्सीचा माणूस म्हणाला, सगळे वाढवून लिहितात. मुलाखतीतही तेच सांगितलं. इथे आल्यावर मला लवकर प्रशिक्षक केलं त्यात या गोष्टीचा वाटा होता. हळूहळू ते इतक्या वेळा बोलले की कुणी विचारलं तर तुमच्या ड्युट्या, तुमच्या पद्धती, तुम्ही रागावलात ते प्रसंग, सगळं माझं म्हणून सांगायचे. मग तुमचं पत्र आलं, तुझंच हॉस्पिटल म्हणून. मला आनंद झाला नाही, ताई. आता माझं खोटं उघडं पडणार, एवढंच डोक्यात आलं. मोठ्या शहरात जा म्हटलं ते तुमच्या सोबतीसाठी नव्हतं. ओळख दाखवू नका असा इथे कुठलाही नियम नाही. तो मी रचला.

बैठकीत ड्युटीवरच्या नर्सने तिचं सांगून झाल्यावर होल्म बाई म्हणाल्या, "ही बाई खरंच आयसीयूची इनचार्ज असेल, तर तिने जे केलं ते समजून-उमजून केलं. मग मी तिच्या बाजूने उभी राहीन." त्यांनी तुमची फाइल उघडली. हॉस्पिटलचं नाव बघून माझीही फाइल मागवली. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या.

"एकच हॉस्पिटल. एकच आयसीयू. तुम्ही यांना ओळखता?"

मी म्हटलं, "नाही."

"२०१६ ते २०१९ इनचार्ज कोण होतं?"

"मी."

"मग हे प्रमाणपत्र?"

ताई, पुढचं वाक्य मी जर्मनमध्ये बोलले, पण तुम्हाला मराठीत लिहायला हवं. मी म्हटलं, "आमच्याकडे अशी प्रमाणपत्रं मिळतात."

दारातून काय ऐकलं ते मी सांगितलंच नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

त्यानंतर त्यांनी तुम्हाला आत बोलावलं. शेख बाईंना ओळखता का? तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही बाहेर गेल्यावर होल्म बाई म्हणाल्या, सतरा वर्षं त्या आयसीयूत होते म्हणते आणि तिथल्या इनचार्जला ओळखत नाही. ही तिथे नव्हतीच. माझ्या खोट्याला तुमच्या शब्दाने शिक्का मारला. मी समोर बसून पाहत होते.

मी हे आणखी वर्षानुवर्षं गिळून बसले असते, हेही खरं लिहिते. पण गेल्या आठवड्यात होल्म बाईंनी मला बोलावून सहा फायली पुढे ठेवल्या. सगळ्या महाराष्ट्रातल्या नर्स, जुलैत येणाऱ्या. म्हणाल्या, "तुम्हाला असे कागद ओळखता येतात. यापुढे भारतातून येणाऱ्यांना वर्षभर जास्त सहायक ठेवू, मगच परीक्षा. तसा नियम लिहून द्या." वरची फाइल सटाण्याच्या एका मुलीची होती. सहा वर्षं जिल्हा रुग्णालयात, एक एक शिक्का स्वच्छ. आणि मी नियम लिहायला बसले. अर्धं पान लिहिलंही. मग पुढे लिहिता येईना.

आज सकाळी दहा वाजता मी होल्म बाईंना लेखी दिलं. माझं इनचार्ज असणं खोटं, तुमचं खरं, दारात मी काय ऐकलं ते, आणि ओळख लपवायला मीच लावलं ते. त्यांनी दोनदा वाचलं. फक्त म्हणाल्या, "ती बाई माझ्यासमोर उभी होती आणि मी एक फोन केला नाही." मला जायला सांगितलं.

माफी मागायची माझी लायकी नाही. तुम्हाला खरं कळायला हवं, एवढंच.

अफरीन


नाशिक
१९ मे २०२५

अफरीन,

पत्र मिळालं. मी ते निफाडच्या स्टँडवर वाचलं. दोन एसट्या सोडल्या.

हिरामणना वाचायला दिलं नाही, मीच वाचून दाखवलं. 'आमच्याकडे अशी प्रमाणपत्रं मिळतात' या वाक्याशी मी थांबले, तेव्हा त्यांनी कागद हातातून घेतला. ते कधी शिवी देत नाहीत. त्या दिवशीही दिली नाही. नुसते उठून बाहेर गेले.

तू माझं पद वापरलंस, माझं काम आपलं म्हणून सांगितलंस, इथपर्यंत मी समजू शकते. घाबरलेली पोरं असं करतात. पण तुला माहीत होतं मी कुठून आले आहे. आश्रमशाळेपासून मला एकच गोष्ट ऐकावी लागली आहे, तुम्हाला काय, सवलतीत मिळालं. तो कागद मी एक एक दिवस भरून मिळवला होता. हा संशय मला परक्यांकडून नवा नव्हता. तुझ्याकडून नवा आहे.

आणि लाज मला वाटत होती, अफरीन! पाच महिने मी तोंड लपवत फिरले. आईशी खोटं बोलले. आरशात बघून विचारायचे, खरंच आपलं काही चुकलं का? हे दिवस मला कोण परत देणार?

एक विचारते. त्या सहा मुलींचं काय झालं? माझ्याबद्दल लिहू नकोस. त्यांचं लिही.

आणि तुझे अब्बा अजून देवळालीच्या बाजारात सांगतात, माझी मुलगी नाशिकला इनचार्ज होती. मागच्या महिन्यात मला कुणीतरी हे ऐकवलं, आणि बापाने कौतुकात वाढवून सांगितलं असेल म्हणून मी खालमानेने ऐकून घेतलं. हे त्यांना तूच सांग. मी सांगणार नाही.

ललिता गावित


जर्मनी
२० जून २०२५

ललिताताई,

सहाही मुली ठरल्याप्रमाणे येत आहेत. जास्तीचं वर्ष रद्द झालं. आता कुणाच्या कागदांबद्दल शंका आली तर आधी त्या हॉस्पिटललाच विचारायचं, असं होल्म बाईंनी स्वतः लिहून काढलंय. माझं प्रशिक्षकपद गेलं, लेखी ताकीद मिळाली. नर्स म्हणून ठेवलं आहे. वॉर्डात माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते योग्यच आहे.

तुमच्या नावाचं पत्र हॉस्पिटलने पाठवलं आहे, पोचेलच. त्यात काय आहे ते सांगायचा मला हक्क नाही.

अब्बांना रविवारी फोनवर सांगितलं. मागे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. मी बोलत गेले तसा तो थांबला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वो बाई रहती कहाँ हैं?" मी म्हटलं, पंचवटीत. त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून माझा फोन ते उचलत नाहीत.

अफरीन


नाशिक
८ जुलै २०२५

अफरीन,

तुझे अब्बा आले होते.

मागच्या गुरुवारी, माझी सुट्टी होती. दार वाजलं, उघडलं तर दारात निसारचाचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, घामाने भिजलेला. देवळाली कॅम्पहून बसने आले, पंचवटीच्या गल्ल्यांत आमचं घर विचारत विचारत तासभर चालले. मी आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, "बेटा, मी अफरीनचा बाप. आत यायच्या लायकीचा नाही. इथूनच बोलतो."

मी म्हटलं, "चाचा, आधी बसा."

"नाही. तुमच्या नावावर मी बाजारात पाच-सहा वर्षं छाती फुगवून फिरलो. मला माहीत नव्हतं, पण फिरलो तर मीच ना. काल दुकानासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की ती तुमची जागा होती, माझ्या मुलीची नाही. आता तुम्ही काय बोलायचं ते मला बोला. तिला आईनं नाही, मीच वाढवलं."

हे बोलता बोलता त्यांनी चौकटीला हात धरला. चेहरा लाल झालेला. मी पुढचं काही ऐकलं नाही. दंडाला धरून आत आणलं, पलंगावर आडवं केलं आणि बीपी घेतलं. एकशे नव्वदच्या वर. गोळी चार दिवस घेतलीच नव्हती. मग डॉक्टरांना फोन, गोळी, पाणी, पंखा. दोन तास मी त्यांच्या उशाशी बसले होते. मध्ये डोळे उघडून म्हणाले, "तिनं लिहिलं होतं, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. मी म्हणायचो, पोरगी स्वतःचंच कौतुक दुसऱ्याच्या नावावर सांगते."

संध्याकाळी हिरामण आले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी चाचांना चहा दिला, रिक्षा आणली आणि स्वतः शेजारी बसून देवळालीपर्यंत सोडून आले. रोज सकाळची गोळी कुणीतरी समोर उभं राहून द्यायला हवी. शेजारच्या शकीलाबाईंना मी फोनवर सांगून ठेवलंय. तू पण रोज फोन कर. ते उचलतील, मी तसं वदवून घेतलंय.

तुझ्या हॉस्पिटलचं पत्र मिळालं. चूक मान्य केली आहे, परत बोलावलं आहे, सुटलेले महिने धरून सरळ परीक्षेला बसवणार म्हणतात. घरी सगळे म्हणाले, दुसरीकडे जा, तिथे कशाला परत? मी आठवडाभर विचार केला. माझं नाव ज्या खोलीत खराब झालं त्याच खोलीत ते धुवून निघायला हवं. दुसरीकडे गेले तर त्या बैठकीला बसलेल्या माणसांच्या मनात मी खोटीच राहीन. सप्टेंबरच्या पंधरा तारखेला पोचते. परवा पाड्यावर जाऊन आईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता खरं खरं जा."

स्टेशनवर मला घ्यायला येऊ नकोस. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो कधी जाईल ते मलाही माहीत नाही. चाचांच्या उशाशी बसले तेव्हा तुझ्यासाठी बसले नव्हते. पेशंट होता म्हणून बसले.

यापुढे पत्र पाठवू नकोस. जे बोलायचं असेल ते वॉर्डात, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोल.

ललिता गावित